पाठीमागून येणारं पाणी

थंडी सरत आली की आमच्या कामोठ्याच्या सोसायटीच्या ग्रुपच्या अंगात येतं. एरवी पाण्याचा टँकर, पार्किंग आणि बंद पडलेली लिफ्ट यांच्यापलीकडे न जाणारी माणसं एकाएकी निसर्गप्रेमी होतात. 'फ्लेमिंगो आले' असा पहिला निरोप कुणीतरी टाकतो. त्याखाली गुलाबी ठिपक्यांचा फोटो असतो आणि तो कितीही मोठा करून पाहिला तरी ठिपकेच दिसतात. मग रविवारचे बेत सुरू होतात. खारघरच्या टेकडीवर पहाटे चढायचं, की पाम बीचवर सायकली काढायच्या, की ऐरोलीला बोटीत बसून पक्षी बघायचे, की उरणला जाऊन मोरा बंदरातून लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून जिवाची मुंबई करायची. एकामागून एक अंगठे वर होतात. माझा अंगठा तेवढा कधी वर होत नाही.

मी भित्री आहे हे आता अख्ख्या विंगला माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी तर मला बघितलं की मुद्दाम म्हणतात, "चला ओ, बोटीत जॅकेट देतात. बुडायचं टेन्शन नाय." त्या मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. मी हसून वेळ मारून नेते. त्यांना कसं सांगू की बोटीची मला भीती वाटत नाही, आणि भरलेल्या पाण्याचीही फारशी नाही. भरलेलं पाणी समोर दिसतं, माणूस आपोआप चार हात लांब राहतो. मला भीती वाटते ती ओहोटीची. पाणी निघून गेलंय, चिखल उन्हात चमकतोय, बगळे निवांत पाय उचलत चाललेत आणि लांबवर कुणीतरी माणूस त्या उघड्या जमिनीवर एकटाच उभा आहे, एवढं बसच्या खिडकीतून दिसलं तरी मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरते. तो मागे वळून कधी बघतोय याचीच मी वाट बघते. तेवढ्यात बस पुढे निघून जाते.

काही वर्षांपूर्वी आबा आमच्याकडे राहायला आले ते याच दिवसांत. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव परभणीकडचं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि आबा स्वतःच भाकरी थापून खातात हे गावाहून येणाऱ्या प्रत्येकाकडून ऐकून ऐकून शेवटी मी आणि माझा नवरा मिलिंद गेलो आणि त्यांना घेऊनच आलो. "जयंतीला मी गावात पाहिजे," एवढी एकच अट त्यांनी घातली. भीमजयंतीपर्यंत म्हणजे चांगला अडीच-तीन महिन्यांचा मुक्काम होता. मी हरखून गेले होते. आबांना काय काय दाखवायचं याचे मनातल्या मनात बेत चालू होते.

आबांची सगळी नोकरी पाटकरी म्हणून गेली. कालव्याचं पाणी कोणत्या शेताला कधी द्यायचं ते पाटकरी बघतो, दारं तोच उघडतो आणि तोच बंद करतो. लहानपणी मला वाटायचं की पाणी आबांचं ऐकतं. पाण्याच्या पाळीच्या दिवशी ते मला सायकलवर पुढे बसवून कालव्यावर नेत. कोरड्या चारीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटात, उभं राहून आम्ही पाण्याची वाट बघायचो. आधी लांबून सळसळ ऐकू यायची. मग पालापाचोळा, फेस, कुणाची तरी हरवलेली चप्पल असं सगळं ढकलत ढकलत पाणी समोरून यायचं. "आलं बघ," असं म्हणून आबा मला बखोटीला धरून काठावर ठेवत. पाणी समोरून येतं आणि येण्याआधी कळवतं, ही आम्हा दोघांची समजूत तिथली.

आबांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरच्या आळीतली बाई येईल आणि वरून ओतेल तेव्हा कळशी भरायची, तोवर उन्हात बसून राहायचं. तिच्या मुलाच्या कमरेला पुढे सगळ्या शिवाराच्या पाण्याची चावी आली. आबांनी याची फुशारकी कधी मारली नाही. पण निवृत्त झाल्यावर चावी परत करून घरी आले त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं आई सांगायची.

तर अशा माणसाला मी नवी मुंबई दाखवायला निघाले. खारघरच्या मोठ्या बागेत हिरवळीवर कारंज्यासारखं पाणी उडत होतं, ते बघून आबा तिथेच थांबले. "पिण्याचं हाय का हे?" त्यांनी विचारलं. माळ्याने हिंदीतून काहीतरी सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. पाम बीच रस्त्यावर पहाटे धावणारी माणसं बघून म्हणाले, "एवढी कोनाच्या मागं लागलीत?" मी म्हटलं, "तब्येतीसाठी पळतात, आबा." "मग रानात काम करावं की," म्हणून ते पुढे चालायला लागले. बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज त्यांना आवडला. खारघरच्या डोंगरातला धबधबा आटलेला होता, तो कसा दिसतो ते मी हातवारे करून सांगितलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदा ते मोकळे हसताना मी बघत होते, आणि मला वाटत होतं की आता सगळं मार्गी लागणार.

वाशीला खाडीकाठी गेलो तेव्हा ओहोटी होती. लांबपर्यंत नुसता चिखल. "पानी कुठंय?" आबांनी विचारलं. मी म्हटलं, "गेलंय आत्ता. येईल परत संध्याकाळपर्यंत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लहानपणी मी थाप मारली की जसे हसायचे तसे हसले. भरती-ओहोटी आम्ही दोघंही शाळेत शिकलो होतो. पण शाळेत शिकलेलं पायांना कुठे माहीत असतं? आमच्या गावची नदी दिवाळीनंतर आटत जाते. मग तिच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावतात, गुरं बांधतात, एखाद्याच्या लग्नाचा मांडवही नदीतच पडतो. पोरं तिथेच खेळून मोठी होतात. कोरडं झालं म्हणजे पुढच्या मृगापर्यंत कोरडं, त्यात शंका घ्यायचं काही कारणच नसतं. या शहरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण रोज खाडीवरून जाऊनही मी तिच्याकडे कधी नीट बघितलेलं नव्हतं. आबांना कोरड्या जमिनीचं भय नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मोऱ्याला गेलो तो रविवार होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. मिलिंदला ड्यूटी होती म्हणून आम्ही दोघंच निघालो. लाँचने मुंबईला जायचं, समुद्रावरून शहर कसं दिसतं ते आबांना दाखवायचं, असा बेत. बंदरावर पोचलो तर तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, "टाइम लागंल. ओहोटी हाय, बोट धक्क्याला लागत नाय. पानी भरू द्या." माणसं कुरकुर करत शेडमध्ये बसली. मीही पिशवी मांडीवर घेऊन बसले. एक कोळीण जवळच सुकी मासळी निवडत होती. आबा थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "पाय मोकळे करून येतो जरासा." मी हो म्हटलं. तिथे हरवण्यासारखं होतं तरी काय?

धक्क्याच्या एका बाजूला होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. त्यांच्यामधून दगडगोट्यांची एक वाट निघून लांब एका काळ्या खडकापर्यंत गेली होती. आबांनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या वाटेने निघाले. पांढरा सदरा, डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, जपून टाकलेली पावलं. खडकावर पोचल्यावर ते समुद्राकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले. कालव्यावर पाण्याची वाट बघताना ते अगदी असेच उभे राहत. मला इतकं बरं वाटलं की मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो उघडून बघत नाही.

"ताय, त्यो म्हातारा तुमचा हाय का?" कोळणीने विचारलं.

"हो, माझे वडील."

"मंग हाक मारा ना त्यांना. पानी कवाचं फिरलंय."

मी समुद्राकडे बघितलं. पाणी होतं तिथेच होतं, आबांच्या पुढे चांगलं लांब. तसं मी म्हणालेही. तिने डोकं हलवलं आणि समुद्राकडे नाही, अलीकडे बोट दाखवलं. आबा आणि धक्का यांच्यामधली जमीन सखल होती, ते मला तोवर कळलंच नव्हतं. ती चमकायला लागली होती. आडव्या पडलेल्या होड्या हळूहळू सरळ होत होत्या. दगडांची वाट मधूनच नाहीशी झाली होती. फेस नाही, पाचोळा नाही, आवाज तर अजिबात नाही. पाणी कुठल्याशा आडवाटेने शिरून आबांच्या पाठीमागे भरत होतं, आणि ते समोर बघत उभे होते.

मी हाका मारल्या. वारा उलटा होता आणि कुठल्याशा बोटीचं इंजिन चालू होतं. आबा हलले नाहीत. मी धक्क्याच्या पायऱ्या उतरले एवढं मला आठवतं. त्यानंतर आठवतं ते कमरेला लागलेलं गार पाणी. पायाखाली काही धरवत नव्हतं, चिखलाने चपला केव्हाच ओढून घेतल्या होत्या, आणि मी एकच वाक्य ओरडत होते, "आबा, मागं बघा! मागं बघा!" ते वळले. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता. फक्त त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि जोरजोरात हलायला लागले. ते मला बोलवत आहेत, वाचव म्हणत आहेत, असं वाटून मी आणखी पुढे सरकले.

कोळणीने मागून माझी ओढणी धरून मला मागे खेचलं. "मरतंय का गो? गप ऱ्हा!" ती ओरडली. तिच्या नवऱ्याने होडी ढकलली, वल्हं मारत खडकाजवळ नेली आणि आबांना हाताला धरून आत बसवलं. खडक तोवर बसायच्या पाटाएवढा उरला होता. काठाला आल्यावर कोळणीने आम्हा दोघांनाही एकदमच झापलं, "घाटावरची मानसं तुमी. सुकं दिसलं का चालत सुटता. दर्याला काय कुंपन हाय?" आबांनी तिच्यापुढे हात जोडले. त्यांचा सदरा कोरडा होता, धोतराचा काठ तेवढा भिजला होता. मी गळ्यापर्यंत चिखलाने माखले होते आणि माझे दात वाजत होते. लाँच धक्क्याला लागली, माणसं चढली, कुणीतरी वर चढून सेल्फीही काढला. आम्ही घरी परत आलो.

मला वाटलं, झालं ते झालं, आता आबा पाण्याचं नाव काढणार नाहीत. झालं उलटंच. त्या दिवसापासून आबा रोज खाडीवर जायला लागले.

आमच्या सोसायटीपासून चालत जाण्यासारखा खाडीचा एक फाटा आहे. मातीचा बांध, बांधापलीकडे तिवरांची झाडी, तिवरांपलीकडे चिखल. संध्याकाळी तिथे कुणी कुत्री फिरवायला येतं, कुणी मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेऊन पक्ष्यांवर टपून बसतं. आबा तिथे जातात हे मला आमच्या वॉचमनकडून कळलं, तेही त्याने सहज म्हटलं म्हणून, "बाबा रोज जाते हैं ना उधर." मी आबांना विचारलं, "काय बघता तिथं?" म्हणाले, "पानी." त्यापुढे काही नाही. आणि जायची वेळ रोज निराळी. आज सकाळी, तर उद्या जरा उशिरा, परवा ऐन उन्हात. कधी जेवणाचं ताट वाढलेलं ठेवून निघायचे. फोन घरीच ठेवून जायचे. "पान्यात पडला म्हंजे?" असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. फोन पाण्यात पडायच्या आधी तो धरणारा माणूस पाण्यात पडतो, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

माझं ऑफिस बेलापूरला, चौथ्या मजल्यावर. तोवर मला माझ्या खिडकीतून डोंगर दिसतो याचं कौतुक होतं. त्या दिवसांत मी उठून पलीकडच्या खोलीतल्या खिडकीशी जायला लागले, कारण तिथून खाडीचा तुकडा दिसायचा. पाणी दिसलं की मला वाटायचं आबा आता पाण्यात आहेत, आणि चिखल दिसला की वाटायचं आबा आता चिखलावर चालत आत निघाले असतील. घरी फोन लावला की तो वाजत राहायचा. वाजून वाजून बंद झाला की मी पुन्हा लावायची. मैत्रिणी विचारायच्या, "घरी कुणी आजारी आहे का गं?" मी नाही म्हणायची. डबा मी तसाच परत न्यायची.

मिलिंद कोकणातला, गावाला दारातच खाडी. त्याला यात काही विशेष वाटायचं नाही. "अगं, खाडी आहे ती, वाघ नाही. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा सापडलाय, फिरू दे," असं म्हणून तो पेपरात डोकं घालायचा. मी त्याच्यावर चिडायची. पण माझ्या मनात जे आलं होतं ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं. बायको गेल्यावर एकटा पडलेला, अबोल झालेला माणूस, जीव जाता जाता वाचलेला, आणि तरीही तो रोज पाण्याकाठी जाऊन उभा राहतो. याचा दुसराही अर्थ निघत होता. तो अर्थ माझ्या मनात एकदा शिरला आणि मग निघायलाच तयार होईना. भात शिजत असताना, बसमध्ये, कुणाशी हसून बोलताना तो आतून टोचत राहायचा. आबांना इथे आणलं ते त्यांनी जगावं म्हणून. त्यांना खाडी दाखवून मी काय करून बसले, असं मला वाटायचं. आणि विचारायची सोय नव्हती, कारण त्यांनी हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

बाहेर मात्र सगळीकडे आनंदीआनंद होता. त्या वर्षी फ्लेमिंगो म्हणे अगदी काठाला आले होते. ग्रुपवर रोज गुलाबी फोटो पडत होते. पाटीलवहिनींनी पोपटीचा घाट घातला होता. मडक्यात वाल, अंडी, कोंबडी भरून जाळावर ठेवायची आणि मागच्या मोकळ्या मैदानात सगळ्यांनी मिळून खायची. आबांना सगळ्यात आधी वाढलं गेलं. त्यांनी कौतुकाने खाल्लं आणि पाटीलवहिनींना विचारलं, "अवसेला पानी लई चढतं का पुनवेला?" वहिनी म्हणाल्या, "दोन्हीला उधान असतंय, बाबा. का ओ?" आबा म्हणाले, "असंच." माझ्या हातातल्या द्रोणातली अंडी गार झाली.

अमावास्येच्या दिवशी मी ऑफिसात होते. दुपार व्हायच्या आधीची वेळ. ग्रुपवर निरोप आला, 'मागच्या खाडीत कोणीतरी अडकलंय. पाणी वाढतंय. फायर ब्रिगेडला कळवलंय. आपापल्या घरची माणसं बघून घ्या.' मी घरी फोन लावला. वाजत राहिला. पर्स घेतली की नाही तेही मला आठवत नाही. खाली येऊन रिक्षा पकडली आणि "कामोठे, जल्दी" एवढंच म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, हॉस्पिटलला सोडू का?" "नाही, खाडीवर," मी म्हटलं. हायवेच्या दोन्ही बाजूंना जिथे जिथे खाडी दिसत होती तिथे ती काठोकाठ भरली होती, आणि ऊन इतकं छान पडलं होतं की बघवत नव्हतं. आबांनी आज कोणता सदरा घातला होता हे मला आठवेना. ओळख पटवायला विचारतील तेव्हा काय सांगणार, असा विचार माझ्या डोक्यात आला. असला विचार आपल्याला कसा सुचतो, याचीही मला भीती वाटली.

बांधावर ही गर्दी. सगळ्यांचे फोन वर. दोरखंड, ओरडाआरडा, कंबरभर पाण्यात उतरलेले दोन जवान. मी माणसांना ढकलत पुढे गेले. पाण्याच्या वर एक काळं डोकं आणि दोन शिंगं दिसली. म्हैस होती. सकाळी ओहोटीत चरत आत गेली आणि चिखलात रुतली. मी तिथेच मातीत बसले. माझ्या शेजारी कुणीतरी काठी टेकवून उभं होतं. वर बघितलं तर आबा.

"तू काऊन आलीस? हापिसाला सुट्टी हाय का?" त्यांनी विचारलं.

मग माझा बांध फुटला. एवढ्या लोकांच्या देखत मी रडत, ओरडत सुटले. "आबा, उद्यापासून इथं यायचं नाही. रोज माझा जीव जातो. तुम्हाला काही करून घ्यायचं असेल तर आधी मला सांगा." तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले.  आबा काठी बाजूला ठेवून माझ्याजवळ बसले.

"माय, असं वाटलं व्हय तुला?" ते म्हणाले. "म्या कशाला काय करून घेतो?"

"मग रोज कशाला येता इथं?"

 म्हशीला दोर बांधून झाला होता, माणसं जोर लावत होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "त्या दिशी म्या दगडावर हुतो. कोरडा. मागं वळून बघितलं तर तू पान्यात. तुला पवता येतं का?"

"नाही."

"म्या हात हालवू हालवू सांगू लागलो, मागं फिर, मागं फिर. तू आपली म्होरंच येऊ लागलीस. उभ्या जल्मात तसा भ्यालो नव्हतो. तुझी आई गेली तवा बी न्हाई." त्यांनी काठी जवळ ओढली. "म्या काय, जयंतीला गावाकडं जानार. तू तर हितंच ऱ्हानार. ह्या पान्याला दार न्हाई, चावी न्हाई, कोन सोडतं ठावं न्हाई. कोन्या वाटंनं येतं, कवा येतं, किती चढतं, ते तुला ठावं पाहिजे का नको? तुला टाइम कुठं हाय बघायला? म्हनून म्या येऊन बघतो."

 त्या सगळ्या दिवसांत मी चौथ्या मजल्यावरून त्यांच्यासाठी घाबरत होते, आणि ते इथे उन्हात बसून माझ्यासाठी घाबरत होते. म्हैस बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी मला हाताला धरून उठवलं, आणि बांधावरून परत येताना काठीने दाखवत शिकवायला लागले. ते बघ, पाणी आधी त्या तिवरांच्या मागून शिरतं. समोरून येतंय असं वाटतं, ते खोटं. पुनवेला आणि अवसेला सांभाळायचं, अष्टमीला त्याचा जोर नसतो. मी काठी जाईल तिकडे बघत होते. जयंतीच्या आधी मिलिंद त्यांना गावाला सोडून आला.

आता आबा गावाला माझ्या धाकट्या भावाकडे असतात. परत गेल्यापासून दर पौर्णिमेला आणि अमावास्येला सकाळी त्यांचा फोन येतो. "जय भीम, माय. आज उधान हाय. पान्याकडं जाऊ नको." तिथून समुद्र कुठल्या कुठे, पण त्यांचा दिवस कधी चुकला नाही. तिथीसाठी मी कॅलेंडर बघायचं सोडूनच दिलं होतं. मीटिंगमध्ये असले तरी तो फोन घ्यायची आणि "नाही जात, आबा" म्हणायची. ऑफिसातली पोरं हसायची, मीही हसायची.

या मोसमात फोन रोज येतो आहे. भाऊ म्हणतो, आबांना आता जेवलेलं आठवत नाही, आई गेल्याचंही कधीकधी आठवत नाही. दवाखाना चालू आहे. डॉक्टर वयाकडे बोट दाखवतात. ग्रुपवर फ्लेमिंगोचे फोटो पडतात, मोऱ्याच्या सहलीसाठी नावं मागतात आणि मी फोन सतत हाताशी ठेवते.

काल अष्टमी होती. मी स्वयंपाकघरात उभी होते, ओट्यावर कणीक मळलेली. फोन आला.

"कोन, माय का? आज पुनव हाय."

"हो, आबा."

"तू पान्यात हैस का?"

"नाही आबा, घरात आहे. स्वयंपाक करतेय."

 भाऊ मागून काहीतरी समजावत होता, "आबा, ती घरात हाय, द्या इकडं." त्यांनी फोन सोडला नाही.

"बाहेर ये आधी," ते म्हणाले. "माय, पानी भरू लागलंय. तू बाहेर ये."

माझे हात कणकेने भरलेले होते. फोन मी खांद्याने कानाशी धरला होता.

"आले," मी म्हटलं. "बाहेर आले, आबा."

तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला.